पंधरा पानांचा अंधार

१

सोमवारी सकाळी डॉ. हेमावती गलगलीनं यंत्रांच्या जोडकामाच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि मधल्या खणात हात घातला. हाताला नुसतं फडकं लागलं. फडक्यात गुंडाळून ठेवलेली पाटी नव्हती.

तिनं कुलूप हातात घेऊन उजेडात पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे कुणीतरी किल्लीनं कपाट उघडलं होतं, पाटी काढून घेतली होती आणि जाताना पुन्हा कुलूप लावलं होतं.

पाटी म्हणजे शाळेच्या पाटीएवढ्या फळीवर बसवलेला छोटासा संगणक. हुबळीच्या नवनगरातल्या त्या लहानशा मेंदू संशोधन केंद्रात त्याला सगळे पाटीच म्हणत. माणसाच्या डोक्यावर चांदीच्या चकत्या चिकटवायच्या, मेंदूतल्या विजेच्या लहरी ईईजी यंत्रानं मोठ्या करायच्या आणि तारेनं पाटीपर्यंत आणायच्या. पाटी त्या लहरी ओळखी आणि टेबलावरची घंटा वाजवी. एवढ्या एका घंटेसाठी हेमावतीनं सात वर्षं घातली होती.

घंटा वाजवणारा माणूस होता बाळाप्पा. पूर्वी गिरणीत विणकर होता. मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याचं सगळं अंग निकामी झालं. जीभ हलेना, बोट हलेना, अर्ध्या मिटलेल्या पापण्याही त्याचं ऐकेनात. नजर, कान आणि बुद्धी मात्र शाबूत होती. ‘हो’ म्हणायचं असेल तेव्हा तो उणकल तलावाच्या काठावर संध्याकाळी बसल्याचं मनात आणी. मन निवे आणि लहरी उसळत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर सतराचा पाढा मनात म्हणे. आकडेमोड सुरू झाली की लहरी सपाट होत. पाढा त्याची बायको दुर्गव्वा हिनं सुचवला होता. “शाळेत त्यानंच छळलं होतं ह्यास्नी,” ती म्हणाली होती.

आज तारीख होती १८ फेब्रुवारी १९८०. हे काम पुढे चालू ठेवायचं का ते ठरवायला बुधवारी बंगळुरूहून तज्ज्ञांची समिती येणार होती.

“गेली?” मागून आवाज आला. कार्यालयाचे अधीक्षक गुरुराज दारात उभे होते. कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ, हातात हजेरीचं पुस्तक. त्यांनी पुस्तक उघडून शनिवारचं पान तिच्यापुढे धरलं. त्या पानावर एकच सही होती.

“परवा खग्रास सूर्यग्रहण होतं,” गुरुराज म्हणाले. “आम्ही ग्रहण पाळणारी माणसं. दारं-खिडक्या लावून घरात बसलो होतो. ज्याला ग्रहण नाही, तो एकटा इथं आला. किल्ली त्याच्याकडे होती. अजून काय शोधायचं, हेमावतीबाई?”

सही अप्पाजीची होती.

२

अप्पाजी केंद्रातला तंत्रज्ञ. बेळगावचा, चौतिशीतला, घरी बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर असलेला. बी.एस्सी. झाला होता आणि ईईजीच्या कागदावर लहरी रेखणाऱ्या आठ पेनांतलं कुठलं कधी अडखळेल हे यंत्राआधी त्याला कळे. शुक्रवारी हेमावतीनंच आपली किल्ली त्याच्याकडे दिली होती, कारण शनिवारी ती विद्यार्थ्यांना घेऊन ग्रहण पाहायला धारवाडच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर जाणार होती.

केंद्राचे प्रमुख डॉ. जयतीर्थ यांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं होतं. गुरुराज म्हणतील ते खरं मानायला प्रमुख तयार होते, पण घाईत नव्हते. “उद्या चार वाजेपर्यंत पाटी सापडली तर ठीक,” ते म्हणाले. “नाहीतर पोलिसांत तक्रार जाईल, आणि तीत अप्पाजीचं नाव असेल.”

“सर, पोलिसात एकदा नाव गेलं की परत येत नाही,” अप्पाजी म्हणाला. “माझ्या माणसांचं तर नाहीच येत.”

हेमावती त्याला बाहेर पायरीवर घेऊन आली.

“शनिवारचं पहिल्यापासून सांग.”

“अडीचला बाळाप्पाला खुर्चीत बसवलं, बाई. चकत्या लावल्या. पाटीचं काम नव्हतं, तुम्ही नुसती लहरींची नोंद घ्यायला सांगितली होती. तीनला कागद सुरू केला, चारला बंद केला. मग बाळाप्पाला हातगाडीवरून घरी सोडलं.”

“कपाट उघडलंस?”

“दुपारी एकदा. चकत्यांच्या लेपाची डबी काढायला. पाटी तेव्हा होती.”

“तीन ते चार तू नोंदणीच्या खोलीतच होतास? एक मिनिटही हलला नाहीस?”

अप्पाजी पायरीवरच्या मुंग्यांकडे पाहू लागला. पाच वर्षांत तिच्याशी बोलताना त्यानं कधी नजर खाली केली नव्हती.

“नाही, बाई,” तो म्हणाला. “हललो नाही.”

तो खोटं बोलत होता.

३

कपाटाच्या किल्ल्या तीन. एक हेमावतीची, जी अप्पाजीकडे होती. दुसरी जयतीर्थांच्या टेबलाच्या खणात. तो खण गुरुराजही उघडत. तिसरी केंद्रातला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस यशवंत याच्याकडे. पाटी त्यानंच बनवली होती.

जयतीर्थांना तिनं सरळच विचारलं. इतक्या वर्षांत तिनं त्यांना आडवळणानं काही विचारलं नव्हतं.

“माझ्यावर संशय आहे?” ते हसले. “बरोबर आहे. मला तुमचं काम पटत नाही. लहरी म्हणजे कारखान्याबाहेर ऐकू येणारा खडखडाट, आत काय विणलं जातंय ते त्यावरून कळत नाही, हे मी सात वर्षं म्हणतोय. तुमची खोली मला माझ्या उंदरांसाठी हवी आहे. पण शनिवारी मी धारवाडात घरी जपाला बसलो होतो. साक्षीला सगळं घर आहे. आणि हेमावती, मला तुम्हाला हरवायचं असतं तर मी समितीसमोर वाद घातला असता.”

हे खरं होतं. वाद घालायची संधी ते सहसा सोडत नसत.

गुरुराज केशवापुरात चुलत्यांच्या घरी होते. “घरात अकरा माणसं होती. मोक्ष झाल्यावर विहिरीवर अंघोळीसाठी रांग. माझा नंबर सातवा,” त्यांनी सांगितलं.

यशवंत जोडकामाच्या खोलीत आपल्या टेबलाशी बसला होता. हुशार, हसरा, बोटांवर तारांना डाग देण्याच्या सोल्डरिंग कांडीचे चटके. पाटी गेल्याचं ऐकून सगळ्यांत जास्त हळहळला तोच.

“अप्पाजी असं करणार नाही, मॅडम,” तो म्हणाला. “पण गरज माणसाला काय करायला लावेल, सांगता येत नाही.”

“तू कुठं होतास?”

“लॅमिंग्टन रोडला, खोलीच्या गच्चीवर. मालकीणबाई खाली ओरडत होत्या, मी ऐकतोय कुठं! काचेवर चांगली जाड काजळी धरली होती. शेवटपर्यंत काच डोळ्यांवरून काढली नाही, डोळ्यांशी खेळ नको म्हणून. पण काय दिसलं, मॅडम! सूर्य पूर्ण झाकला आणि भोवती ते पांढरं, मोत्यासारखं तेज. जन्मात विसरणार नाही.”

“हो,” हेमावती म्हणाली. “मीही विसरणार नाही.”

ती स्वतःच्या टेबलाशी आली. शुक्रवारच्या टपालातलं समितीचं पत्र वर पडलं होतं. बहुतेक मजकूर ठरावीक. शेवटी एका सदस्यानं हातानं लिहिलं होतं: पाटीतल्या आज्ञावलीची ओळन् ओळ मला वाचायची आहे. हे पत्र तिनं शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

तिनं पाटीच्या चाचण्यांची वही काढली. रोज दहा प्रश्न, बरोबर उत्तरं किती याचे आकडे तिच्याच अक्षरात. नऊ. नऊ. नऊ. नऊ. आठ जानेवारीला बाळाप्पाला एकशे दोन ताप होता. त्या दिवशीही नऊ.

तेव्हा तिला आनंद झाला होता. आता तिनं त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला.

४

शनिवारची नोंद खोक्यात होती. ईईजीचा कागद पुस्तकाच्या पानांसारखा घडीवर घडी पडत बाहेर येतो. एक पान म्हणजे दहा सेकंद. तासाभराची साडेतीनशेच्या वर पानं. हेमावतीनं ती जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून एकेक वाचू लागली.

पहिली अडीचशे पानं नेहमीसारखी होती. बाळाप्पाच्या अर्धवट उघड्या डोळ्यांत खिडकीचा उजेड जात होता, लहरी दबलेल्या. मग हळूहळू त्या वर येऊ लागल्या आणि एका पानापासून एकदम उसळल्या. सेकंदाला दहा, एकसारख्या, गुबगुबीत. कुणी प्रश्न विचारला नव्हता, कुणी उत्तर मागितलं नव्हतं. तिनं पानं मोजली. पंधरा. म्हणजे अडीच मिनिटं.

ती मागे टेकून बसली. डोळ्यांत उजेड जायचा थांबला की मेंदू या लहरी आपोआप सोडतो. बाळाप्पाच्या बाबतीत तर ते शंभरदा पाहिलेलं. शनिवारी दुपारी पावणेचारच्या सुमाराला हुबळीवर अडीच मिनिटं अंधार पडला होता, आणि तो अंधार या कागदावर जसाच्या तसा उमटला होता.

पण त्या पंधरांतल्या आठव्या पानावर लहरी तुटल्या होत्या. एका क्षणात, कात्रीनं कापल्यासारख्या. आठवं आणि नववं पान सपाट. दहाव्यावर पुन्हा उसळी.

ग्रहणाच्या ऐन अंधारात, वीस सेकंद, कुणीतरी दिवा लावला होता.

नोंदणीच्या खोलीत दिवा नव्हता. तिथला बल्ब गेल्या आठवड्यापासून जळालेला. बाळाप्पाच्या खुर्चीसमोर मात्र जोडकामाच्या खोलीचं दार येई, वरच्या अर्ध्या भागाला काच असलेलं. दिवा त्या काचेपलीकडे लागला होता. कपाटही तिथेच, आणि व्हरांड्यातून आत यायला दुसरं दारही.

तिनं अप्पाजीला बोलावलं आणि आठव्या पानावर बोट ठेवलं.

“हे तुझ्यासमोर झालं?”

अप्पाजीनं कागद पाहिला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो कागदाशेजारी जमिनीवर बसला.

“मी नव्हतो, बाई. गच्चीवर होतो. कागद चालू ठेवून गेलो. माणसाला चकत्या लावलेल्या असताना खोली सोडायची नाही, हा तुमचा पहिला नियम. पाच वर्षं पाळला. पण म्हटलं, असं ग्रहण आयुष्यात एकदाच. बाळाप्पाला सांगितलं, पाच मिनिटांत येतो. आणि त्याला एकट्याला अंधारात ठेवून गेलो.”

“काय दिसलं?”

“आधी काचेतून सूर्याची कोर. मग काहीच दिसेना. घाबरून काच काढली, आणि तेव्हा दिसलं ते. काळं बिंब, भोवती पांढरं. वरच्या बाजूला एक ठसठशीत चांदणी. कावळे घरट्यांकडे निघालेले.” त्यानं कागदाची कड सरळ केली. “हे सांगितलं असतं तर तुम्ही मला कामावरून काढलं असतं. न सांगून आता चोर ठरलो.”

“काच काढल्यावर दिसलं,” हेमावती हळूच म्हणाली. “अर्थात. काढल्यावरच दिसतं.”

तिला चोर कोण ते कळलं होतं. तिला पुरावा हवा होता, आणि साक्षीदार एकच होता. त्याला जिच्यामार्फत बोलता येईल अशी जगात एकच वस्तू होती, आणि तीच चोरीला गेली होती.

५

“अय्यो, अक्का, पाटीबिगर ह्ये कसं बोलणार?” दुर्गव्वानं विचारलं. मंगळवारी दुपारी दोनला तिनं नवऱ्याला आणलं होतं, धुतलेल्या शर्टात, केस तेल न लावता विंचरलेले. तेलावर चकत्या धरत नाहीत, हे तिला आता पाठ होतं.

“पाटी नव्हती तेव्हाही बोलायचा,” हेमावती म्हणाली. “पाटीला जे ओळखायला शिकवलं, ते आधी आम्ही डोळ्यांनी ओळखत होतो. पेनं तर जागेवर आहेत.”

जयतीर्थ हाताची घडी घालून उभे होते. “तुम्ही वाचणार, तुम्हीच अर्थ लावणार. तुम्हाला हवं ते दिसेल, हेमावती.”

“म्हणून मी वाचणार नाही. तुम्ही वाचा.”

त्यांनी हाताची घडी सोडली. असं फार वेळा होत नसे.

तिनं मांडणी समजावून सांगितली. ईईजी यंत्र जोडकामाच्या खोलीत आणायचं, तारा दाराखालून. काचेवर जाड कागद. आतल्या खोलीत बाळाप्पा, दुर्गव्वा आणि प्रश्न विचारायला गुरुराज. इकडे यंत्राशी जयतीर्थ, कानांत कापूस. गुरुराज प्रश्न संपला की दारावर टकटक करतील, अप्पाजी जयतीर्थांच्या खांद्याला बोट लावील, आणि पुढच्या दोन पानांत लहर उसळली तर जयतीर्थ ‘हो’ लिहितील, सपाट राहिली तर ‘नाही’. कुठला प्रश्न चालू आहे ते त्यांना कळणार नाही. हेमावती हात मांडीवर ठेवून कोपऱ्यात बसेल, कानांत कापूस घालून.

“आधी वीस प्रश्न, ज्यांची उत्तरं दुर्गव्वाला ठाऊक आहेत. ते तिनं सांगितले, गुरुराजांनी लिहिले, मी पाहिलेले नाहीत. मग चार चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एकेक नाव, आणि प्रश्न एकच: शनिवारी अंधारात दिवा लावला तो हा का? प्रत्येक चिठ्ठी तीनदा, पिसून.”

“चार नावं कुठली?” यशवंतनं विचारलं.

“अप्पाजी. गुरुराज. सर. तू.”

“माझंही?” गुरुराजांचा आवाज चढला.

“तुमचं नाव वगळलं तर परीक्षा खोटी होईल. प्रश्न तुम्ही विचारणार आहात, अप्पाजीवर आळ तुमचा आहे. उत्तर तुमच्या मनासारखं आलं नाही तर मी ढवळाढवळ केली असं निदान तुम्हाला म्हणता येणार नाही.”

गुरुराजांनी चष्मा पुसला. “मी एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही,” ते म्हणाले. आणि त्यांनी केला नाही.

यंत्र सुरू झालं. आठ पेनं खसखसू लागली.

६

वीस प्रश्नांना पाऊण तास लागला. गुरुराजांची यादी आणि जयतीर्थांचा कागद शेजारी ठेवून अप्पाजीनं जुळवणी केली. बाळाप्पाला तीन मुलं आहेत? हो. तो बेलूरला काम करत होता? नाही. त्याच्या आईचं नाव लक्कव्वा? हो.

“वीसपैकी सोळा बरोबर,” अप्पाजी म्हणाला.

जयतीर्थांनी कागद स्वतःकडे ओढून पुन्हा मोजलं. “सोळा,” ते म्हणाले. मग कुणाकडेही न पाहता: “नाणं उडवून इतके येत नाहीत.”

बारा चिठ्ठ्या झाल्या तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. गुरुराज दार उघडून बाहेर आले. त्यांनी चिठ्ठ्या विचारल्या त्याच क्रमानं टेबलावर मांडल्या, आणि जयतीर्थांनी एकेकीखाली आपलं उत्तर लिहिलं.

अप्पाजी: नाही, नाही, नाही.

जयतीर्थ: नाही, नाही, नाही.

गुरुराज: नाही, हो, नाही.

“यप्पा! मी?” गुरुराज ओरडले. “मी चुलत्यांच्या घरात होतो, अकरा माणसांत!”

“तीनपैकी एकदा,” हेमावती म्हणाली. “घाबरू नका. आत्ताच्या वीस प्रश्नांतही चार चुकले. थकलेला माणूस पाढ्यात मध्येच अडतो. खरं माप असंच चुकतं.”

शेवटच्या तीन चिठ्ठ्या उरल्या.

यशवंत: हो, हो, हो.

पेनं खसखसतच होती. यंत्र बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

“ह्याला साक्ष म्हणायची?” यशवंत हसला. “डोक्यातल्या विजेला?”

“एवढ्यावर नको म्हणूस,” हेमावती म्हणाली. “तू सांगितलंस, काजळीची काच शेवटपर्यंत काढली नाहीस आणि पांढरं तेज पाहिलंस. ते तेज पौर्णिमेच्या चांदण्याएवढं असतं, यशवंत. काजळीतून ते दिसतच नाही. काच काढावी लागते. अप्पाजीला हे माहीत होतं, कारण त्यानं पाहिलं. तू मासिकातलं चित्र पाहिलंस.”

“चुकून बोललो असेन.”

“मग हे आठवं पान बघ. ह्या खोलीत दोन दिवे. दाराजवळच्या बटणाची ट्यूब, आणि तुझ्या टेबलावरचा बल्ब. ट्यूबचा स्टार्टर बिघडलाय, पेटण्याआधी ती सात-आठ वेळा लुकलुकते. डोळ्यांसमोर असं लुकलुकलं की मेंदूच्या लहरी त्याच तालावर नाचतात, सगळ्या पेनांवर दिसतं. इथं तसं काही नाही. अंधार, आणि पुढच्या क्षणी स्थिर उजेड. म्हणजे बल्ब. त्याचं बटण तुझ्या टेबलाखाली, मागच्या बाजूला आहे. मी इथं सात वर्षं आहे, मला ते उजेडातही चाचपावं लागतं. ऐन काळोखात तिथं सरळ हात जातो तो एकाच माणसाचा.”

यशवंतची नजर टेबलाखाली गेली.

“सगळे घरात बसतील याचा तू विचार केलास,” ती म्हणाली. “सगळे कशासाठी घरात बसतात, त्याचा केला नाहीस. तू कपाटाशी असताना अंधार पडला.”

“पण स्वतः बनवलेली पाटी हा कशाला चोरेल?” जयतीर्थांनी विचारलं.

हेमावतीनं चाचण्यांची वही पुढे सरकवली. हे तिला सर्वांत जड होतं, म्हणून तिनं ते सर्वांत सरळ सांगितलं. “रोज नऊ. तापातही नऊ. माणूस असा नसतो. प्रत्येक प्रश्नाआधी अपेक्षित उत्तराचं बटण मीच दाबत होते, नोंदीसाठी. म्हणजे पाटीला उत्तर आधीच ठाऊक असायचं. आज्ञावलीत एक ओळ घातली की लहर येवो न येवो, घंटा वेळेवर वाजणार. हे मला जानेवारीतच दिसायला हवं होतं. मला नऊ आवडले, म्हणून मी पाहिलं नाही. ती चूक माझी.”

यशवंतनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

“सुरुवातीला पाटी दहापैकी सहाच ओळखायची, मॅडम,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही इतक्या आशेनं पाहत होता. म्हटलं, तात्पुरतं. मागाहून नीट करू. मग ते पत्र आलं, ओळन् ओळ वाचणार म्हणून. शनिवारी इथं कुणी नसेल असं वाटलं.”

“बाळाप्पा होता.”

“तो होता,” यशवंत म्हणाला. “दिवा लावल्यावर काचेतून दिसला. म्हटलं, तो काय…”

आतल्या दारात दुर्गव्वा उभी होती.

“बोल की,” ती म्हणाली. “त्यो काय? लाकूड? त्यास्नी जीभ दिली म्हणून वर्षभर तुझ्या पाया पडत होते मी, यशवंतअण्णा. तूच त्यास्नी मोजलं नाहीस व्हय?”

घड्याळात चार वाजले.

“पाटी कुठं आहे?” जयतीर्थांनी विचारलं.

“खोलीवर. ट्रंकेत. तलावात टाकायला गेलो होतो. हात धजला नाही.”

७

बुधवारी हेमावतीनं समितीसमोर पाटी ठेवली, तिच्यातली खोटी ओळ स्वतः दाखवली आणि वर्षभराचे सगळे नऊ लाल शाईनं खोडले. मग मंगळवारचा कागद उलगडला. यशवंत आदल्या संध्याकाळी राजीनामा देऊन गेला होता. पोलिसांत काही गेलं नाही, पण त्यानं जे केलं ते त्याच्याच हातानं लिहून घेतलं होतं.

“वीसपैकी सोळा,” समितीतला तो ओळन् ओळ वाचणारा सदस्य म्हणाला. “दहापैकी नऊपेक्षा कमी आहे, बाई.”

“कमी आहे आणि माझं आहे,” हेमावती म्हणाली. “आता इथून पुढे वाढेल.”

“नोंद कुणी वाचली?”

“मी,” जयतीर्थ म्हणाले. “मला या कामावर विश्वास नाही हे नोंदवून घ्या. आणि मी स्वतः सोळा मोजले, हेही.”

कामासाठी आणखी तीन वर्षं मागितली होती, दोन मिळाली. उंदरांना दुसरी खोली पाहावी लागणार होती.

संध्याकाळी गुरुराज नोंदणीच्या खोलीत आले. अप्पाजी बाळाप्पाच्या डोक्याला चकत्या लावत होता. गुरुराजांनी त्याच्या हातात एक कागद दिला. केंद्राच्या छापील कागदावर टंकलेला, जावक क्रमांकासह: श्री. अप्पाजी यांच्यावर मी घेतलेला आळ निराधार होता, याबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. खाली सही आणि शिक्का.

अप्पाजीनं दोनदा वाचलं. “शिक्का कशाला, साहेब?”

“आळ मी चारचौघांत घेतला होता,” गुरुराज म्हणाले. “तोंडी माफी एका खोलीत संपते. ह्याची एक प्रत सूचनाफलकावर लावली आहे.”

अप्पाजीनं कागदाची घडी घालून वरच्या खिशात ठेवली. मग तो बाळाप्पाच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला, त्याच्या अर्ध्या मिटल्या डोळ्यांच्या रेषेत.

“बाळाप्पा, शनिवारी तुला एकट्याला अंधारात टाकून गेलो. रागावलास?”

पेनं सपाट चालली. एक पान, दुसरं पान.

“सतराचा पाढा म्हणत्यात,” दुर्गव्वा म्हणाली. “न्हाई म्हणत्यात बघा.”

“म्हणजे राग नाही?”

“अप्पाजी, एका वेळी एकच प्रश्न,” हेमावती म्हणाली. पण तीही पेनांकडे पाहत होती. आजवर बाळाप्पाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं. हा पहिला असा होता, की ज्याचं उत्तर फक्त त्याच्याकडे होतं.

“मला गच्चीवर काय दिसलं ते ह्याला दाखवायला हवं होतं, बाई,” अप्पाजी म्हणाला. “पुढचं असं ग्रहण कधी?”

“पंधरा वर्षांनी. आणि ते इथून खग्रास दिसणार नाही.”

“पंधरा वर्षं कोण थांबतंय? आभाळ तर आजही आहे की. सूर्य मावळताना गच्चीवरून उणकलचं पाणी चमकताना दिसतं.” अप्पाजीनं जिन्याकडे पाहिलं. “खुर्चीसकट न्यायचं तर चौघं लागतील.”

“एक पाय मी धरतो,” गुरुराज म्हणाले आणि बाह्या सारू लागले.

“त्याला आधी विचारा,” हेमावती म्हणाली.

अप्पाजी पुन्हा खाली वाकला. “बाळाप्पा, वर गच्चीवर…”

प्रश्न पुरा व्हायच्या आधीच आठही पेनं उसळली.